'कोणी पाठवला?' या बटणाचे पैसे

निनावी मेसेजचं ॲप चालवायला घेतलं की एक गोष्ट फार लवकर कळते. युजर पैसे द्यायला तयार असतो, अगदी घाई करून तयार असतो, पण एकाच गोष्टीचे, मेसेज कोणी पाठवला ते सांगा. थीम, रंग, स्टिकर, सुंदर फॉन्ट यातल्या कशासाठीच कोणी खिशात हात घालत नाही. आणि ती एक गोष्ट विकली की ॲप निनावी राहत नाही. या धंद्याची सगळी अडचण या दोन वाक्यांत आहे आणि आम्ही त्यातून कसे गेलो ते इथे सविस्तर लिहितेय, कारण पुण्यात नाशकात असली छोटी ॲप बनवणारी बरीच पोरं माझ्या ओळखीत आहेत आणि सगळ्यांना पैशाचा प्रश्न आला की पहिला सल्ला तोच मिळतो, हिंट विका, म्हणजे नाव न सांगता पाठवणाऱ्याबद्दलच्या खुणा विका.

आम्ही दोघं आहोत, मी डिझाइन करते आणि कॉलेजपासूनचा माझा मित्र कोड लिहितो. ॲपची कल्पना आमची नव्हतीच खरं तर, माझ्या मावसबहिणीची होती. ताई सिन्नरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावी सायन्सला येतात, सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं, आणि वर्गात कोणी तोंडच उघडत नाही, प्रश्न चुकला तर हसतील म्हणून आणि इंग्रजी चुकलं तर जास्तच हसतील म्हणून. ताईने चपलांचा खोका कापून चिठ्ठ्या टाकायला ठेवला होता, त्यात चार दिवस चिठ्ठ्या आल्या आणि मग बंद. का तर मुलांना वाटलं की मॅडम अक्षर ओळखतात. आणि ताई म्हणाली, अगं ओळखतेच ना मी, वर्षभर त्यांच्या वह्या तपासते. मग तिने मला विचारलं, फोनवरून असं काही करता येईल का ज्यात मलाही कळणार नाही कोणी विचारलं.

तर तिथून सुरुवात.

अशा ॲपचा साचा आता ठरलेला आहे. ज्याला मेसेज हवेत त्याने अकाउंट उघडायचं, त्याला एक लिंक मिळते, ती लिंक त्याने स्टेटसला किंवा स्टोरीला टाकायची, आणि पाठवणाऱ्याला काहीही डाउनलोड करावं लागत नाही, लॉगिन नाही, लिंक दाबली की ब्राउझरमध्ये एक चौकोन आणि एक बटण, संपलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये साराहाह नावाचं असंच ॲप आपल्याकडे पसरलं होतं तेव्हा मी कॉलेजात होते आणि दोन आठवडे फेसबुकवर दुसरं काही दिसतच नव्हतं. त्यात उत्तर द्यायची सोयच नव्हती, म्हणून लोक मेसेजचा स्क्रीनशॉट काढून जाहीर पोस्ट करून उत्तर द्यायचे, आणि ती पोस्ट बघून अजून दहा जण लिंक बनवायचे. म्हणजे जी सोय नव्हती तिच्यामुळेच ॲप वाढलं. डिझाइन शिकणाऱ्याने हे नीट बघण्यासारखं आहे. पुढे इन्स्टाग्रामने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये स्टोरीत लिंक टाकायचं स्टिकर सगळ्यांना खुलं केलं, त्याआधी स्टोरीत लिंक द्यायला दहा हजार फॉलोअर लागायचे, आणि त्याच वर्षाच्या शेवटी एनजीएल नावाचं ॲप आलं आणि ते पूर्ण याच वाटेवर चालायचं. मेसेज आला, त्याचं कार्ड स्टोरीला टाकलं, कार्डाखाली लिंक, बघणारा लिंक दाबतो, स्वतःचीही बनवतो. जाहिरातीवर रुपया खर्च न करता वाढतं.

आमच्याकडे सुरुवातीला दोन प्रकार होते. एक वर्गाची पेटी, म्हणजे शिक्षकाने बनवायची, आणि दुसरी वैयक्तिक लिंक, कोणीही बनवायची. वर्गाची पेटी ताईसाठी, वैयक्तिक लिंक वाढीसाठी. तेव्हा ते बरोबरच वाटत होतं कारण वाढ झाल्याशिवाय पुढचं काही बोलताच येत नाही.

आता वापरताना काय काय दिसलं ते सांगते, कारण पैशाचे निर्णय नंतर याच्यावरच ठरले.

पहिलं म्हणजे, नाव लपवलं की माणूस लपतो असं नाही. आपल्या भाषेत तर अजिबात नाही. इंग्रजीत कोणी लिहिलं की मी विचारणार होते तर ते मुलगा की मुलगी कळत नाही, मराठीत पहिल्याच क्रियापदात कळतं, गेलो की गेले, होतो की होते. ताईच्या एका तुकडीत साठेक मुलगे आणि जेमतेम आठ मुली. म्हणजे 'मी मागच्या तासाला विचारणार होते' एवढं लिहिलं की साठातले साठ बाद झाले, आठ उरल्या, आणि त्यातल्या मागच्या तासाला हजर किती होत्या ते हजेरीत आहेच. शिवाय बोलीवरून कळतं, 'करून ऱ्हायले' लिहिणारी मुलगी विदर्भातून मामाकडे शिकायला आलीय हे अख्ख्या वर्गाला माहीत असतं. आम्ही यावर एक छोटी गोष्ट केली, अशी क्रियापदं दिसली की पाठवायच्या बटणावर एक बारीक ओळ येते, 'या वाक्यावरून तुम्ही मुलगा की मुलगी ते कळू शकतं, बदलायचं का?' रोमनमध्ये लिहिलेलं ओळखायला जास्त त्रास झाला कारण बहुतेक सगळे रोमनमध्येच लिहितात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. पण ही एक ओळ मला अख्ख्या ॲपमधली सगळ्यात कामाची वाटते.

दुसरं, वेळ. मेसेज पाठवला की लगेच समोर गेला तर शिक्षक नुसती मान वर करून बघतो कोणाच्या हातात फोन आहे. म्हणून आम्ही मेसेज साठवून एकत्र द्यायला लागलो, दुपारी एकदा, रात्री एकदा, क्रम बदलून, आणि वेळ कुठेच न दाखवता. हे करताना मित्राशी माझं बरंच भांडण झालं, त्याचं म्हणणं होतं की फोनवर टिंग वाजल्याशिवाय लोक ॲप उघडत नाहीत, आणि ते खरंच होतं, वैयक्तिक लिंकवाले लोक हा बदल केल्यावर पटापट कमी झाले. वर्गाच्या पेटीत मात्र प्रश्न वाढले. एकाच बदलाने एकीकडे लोक गेले आणि दुसरीकडे आले, तेव्हाच आम्हाला जाणवलं की ही दोन ॲप आहेत, एक नाही.

तिसरं, फिल्टर. शिव्या अडवायच्या तयार याद्या मिळतात त्या इंग्रजीसाठी. मराठी शिवी रोमनमध्ये किती प्रकारे लिहिता येते त्याचा अंदाज लिहायला बसल्याशिवाय येत नाही, मध्ये टिंब, मध्ये स्पेस, अक्षरांच्या जागी आकडे. आणि कडक नियम लावला की साधी आडनावं, गावांची नावं अडकायला लागतात. तेही एक वेळ जमतं, पण खरा त्रास शिवीचा नसतोच. मुलीला तिच्या रंगावरून, अंगावरून लिहिलेलं वाक्य, कोणाच्या जातीबद्दलचं टोचून बोलणं, कोण कोणाबरोबर बसस्टँडवर दिसलं, यात एकही शब्द यादीत नसतो. सगळे सभ्य शब्द आणि आत विष. हे यंत्राला शिकवणं आमच्यासारख्या दोन माणसांच्या आवाक्यातलं नव्हतं आणि मोठ्या कंपन्यांनाही जमलेलं मला कुठे दिसत नाही.

वैयक्तिक लिंकवर हेच येत होतं. जितकी लिंक जास्त फिरेल तितकं हे जास्त. साराहाहचं काय झालं ते आठवत होतं, ऑस्ट्रेलियातल्या एका आईने मुलीबद्दल आलेल्या मेसेजवरून ऑनलाइन अर्ज सुरू केला, त्यावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ॲपल आणि गुगल दोघांनीही ते स्टोअरमधून काढून टाकलं. स्नॅपचॅटला जोडून चालणारं योलो होतं, त्यावरच्या छळानंतर अमेरिकेत एका किशोरवयीन मुलाने जीव दिला, त्याच्या आईने कोर्टात केस केली आणि २०२१ च्या मेमध्ये स्नॅपचॅटने योलोची जोडणीच बंद केली. सीक्रेट नावाच्या निनावी ॲपला साडेतीन कोटी डॉलरचं भांडवल मिळालं होतं तरी ते साधारण सव्वा वर्षात, २०१५ च्या एप्रिलमध्ये, बंद पडलं. यिक यॅक नावाचं असंच ॲप तर एकेकाळी चाळीस कोटी डॉलरच्या किमतीचं म्हणत होते, २०१७ मध्ये ते बंद झालं, आणि २०२१ मध्ये दुसऱ्याच मालकांनी पुन्हा सुरू केलं. म्हणजे गर्दी जमवणं या प्रकारात अवघड नाहीच, जमलेल्या गर्दीचं करायचं काय, तिथे सगळे अडकले.

आता पैशाकडे येते.

आमचा खर्च फार नव्हता, सर्व्हर, डोमेन, आणि सुरुवातीला शिक्षकांच्या लॉगिनसाठी ओटीपीचे एसएमएस. एसएमएसचं म्हणाल तर त्याला डीएलटी रजिस्ट्रेशन, म्हणजे मोबाइल कंपन्यांकडे करायची नोंदणी, लागतं, प्रत्येक मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्या कटकटीतून सुटायला आम्ही ईमेलवर गेलो आणि खर्चही वाचला. तरी दर महिन्याला खिशातून जातच होते.

आधी जाहिराती लावून पाहिल्या, फक्त मेसेज वाचायच्या पानावर, खाली एक पट्टी. आलेले पैसे सांगण्यासारखे नव्हते, भारतातल्या बॅनर जाहिरातीला भाव किती मिळतो ते हे काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पण मी काढून टाकायचा हट्ट धरला तो वेगळ्या कारणाने. ताईने एक दिवस स्क्रीनशॉट पाठवला, वर प्रश्न होता की भिंतीला ढकललं तर भिंत पण आपल्याला ढकलते मग आपण मागे का पडत नाही, आणि त्याच्या खाली पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात. सोळा वर्षांच्या मुलांच्या प्रश्नाखाली. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय, त्यांचा माग ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे, पालकांची संमती लागते. निनावी ॲपमध्ये समोरच्याचं वय आपल्याला कळतच नाही, तर सगळेच मूल आहेत असं धरून चालणं हाच एक सरळ मार्ग. जाहिराती गेल्या.

मग आम्ही पुण्यातल्या एका अनुभवी माणसाला भेटलो, त्यांची चार पाच ॲप चांगली कमावतात, आणि त्यांनी आमचा डेटा बघून अर्ध्या तासात योजना सांगितली. डेटात एक गोष्ट ठळक होती, वैयक्तिक लिंकवाले लोक मेसेज आला की त्या मेसेजवरच बोट ठेवून दाबत राहायचे, तिथे बटण नव्हतं तरी दाबायचे, काहीतरी उघडेल म्हणून. ते म्हणाले, "बघा, लोक स्वतः सांगतायत बटण कुठे हवंय. तिथे 'कोणी पाठवला?' टाका, दाबलं की आठवड्याला नव्व्याण्णव रुपये. नाव द्यायचं नाही, हिंट द्या, फोन कुठला, गाव कुठलं, किती वाजता." मी विचारलं, आठवड्याला का, महिन्याला का नाही? तर म्हणाले नव्व्याण्णव म्हणजे वडापाव आणि चहाचा खर्च वाटतो, महिन्याचा आकडा मोठा दिसतो.

घरी येऊन मी गुणाकार केला. ९९ गुणिले ५२ म्हणजे वर्षाला ५,१४८ रुपये. सिन्नरच्या मुलाकडून, बहुतेक वेळा आईच्या फोनच्या यूपीआयवरून.

आणि हिंट म्हणजे काय ते आम्ही आमच्याच डेटावर घालून बघितलं. आपल्याकडे बहुतेक सगळ्यांकडे अँड्रॉइड. त्यामुळे 'पाठवणाऱ्याकडे अँड्रॉइड फोन आहे' या हिंटला काही अर्थच नाही, तेच आपण पैसे घेऊन विकायचं, म्हणजे फसवणूक. उलट 'आयफोन' आलं तर तालुक्याच्या कॉलेजात वर्गात आयफोनवाला एखादाच असतो, म्हणजे हिंट नाही ते थेट नाव झालं, आणि ज्याने आपल्यावर भरवसा ठेवून लिहिलं त्याला आपण विकलं. गावाचंही तसंच, पन्नास मुलं सिन्नरची आणि एक मुलगी दोडीहून येते. मोठ्या शहरात हिंट निरुपयोगी आणि छोट्या जागी घातक, मधली जागा आम्हाला कुठेच सापडली नाही. हे मी इतकं लांबवून लिहितेय कारण 'हिंट दिली म्हणजे नाव थोडंच दिलं' हे वाक्य मी नंतरही अनेकांकडून ऐकलंय आणि त्यांनी एकदा तरी आपल्या स्वतःच्या गावच्या वर्गावर ते घालून बघावं.

त्या भेटीत अजून एक सल्ला मिळाला होता. नवीन माणूस लिंक टाकतो, कोणीच काही लिहीत नाही, पेटी रिकामी, दुसऱ्या दिवशी तो ॲप काढून टाकतो. हा प्रश्न खरा आहे, आमचे सगळ्यात जास्त लोक इथेच जायचे. त्यांचा उपाय असा की पहिले दोन तीन मेसेज आपणच पाठवायचे, 'तू मला आवडतेस', 'ओळख मी कोण', असले, म्हणजे माणूस टिकतो आणि बटणही दाबतो.

हे दोन्ही उपाय कुठून आले ते मला थोड्याच दिवसांनी कळलं कारण २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने आणि लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनी एनजीएलवर केलेली कारवाई बाहेर आली आणि ती कागदपत्रं मी पूर्ण वाचली. तक्रारीत हेच सगळं लिहिलेलं आहे. 'तू काय केलंस ते मला माहीत आहे' अशा छापाचे मेसेज कंपनी स्वतः पाठवायची आणि ते मित्रांकडून आल्यासारखे दाखवायची. त्याच्या आधी २०२२ मध्येच पत्रकारांनी लिंक बनवून कुठेच शेअर न करता ठेवली होती, तरी मेसेज आले होते. पाठवणारा कोण ते बघायला आठवड्याला ९.९९ डॉलरपर्यंत घ्यायचे, म्हणजे वर्षाला जवळपास ५२० डॉलर, आणि पैसे भरल्यावर मिळायच्या फक्त हिंट, आणि खोट्या मेसेजच्या बाबतीत त्याही खोट्या. बऱ्याच जणांना तर हे दर आठवड्याला कापलं जाणार हेच कळलं नव्हतं. छळ रोखायला एआय आहे असं कंपनी सांगायची तेही खोटं असल्याचा आरोप होता. शेवटी ५० लाख डॉलरवर मिटलं, त्यातले ४५ लाख ग्राहकांना परत द्यायला आणि ५ लाख दंड, आणि १८ वर्षांखालच्यांना ॲप देता येणार नाही अशी अट. ते ॲप मुख्यतः शाळकरी मुलांमध्येच चालायचं.

आपल्याकडेही नियम नाहीत असं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या ३० नोव्हेंबरला फसव्या डिझाइनबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात तेरा प्रकार दिलेत आणि सबस्क्रिप्शनचा सापळा त्यातला एक आहे, सुरू करणं एका क्लिकवर आणि बंद करणं सापडतच नाही असा. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दल २४ तास आधी कळवायचं हा रिझर्व्ह बँकेचा नियमही २०२१ पासून आहे. पण तो मेसेज जातो आईच्या फोनवर, बँकेच्या बाकी पंधरा मेसेजमध्ये, इंग्रजीत. तुमच्या घरात कोणाचे असे पैसे कापले जात असतील तर फोनमध्ये प्ले स्टोअर किंवा ॲपल आयडीच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन आधी तिथून बंद करा, नुसतं ॲप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, आणि पैसे परत मिळेनात तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे.

तर आम्ही बटण टाकलं नाही. खोटे मेसेज टाकले नाहीत. आणि त्याच आठवड्यात वैयक्तिक लिंक बंद करून टाकल्या, जुन्या लोकांना कळवून, त्यांचे मेसेज डाउनलोड करायला मुदत देऊन. युजरचा आलेख सरळ खाली आला. मित्राला वाईट वाटलं, मला सुटल्यासारखं वाटलं, दोन्ही खरं आहे.

उरली वर्गाची पेटी. आता पैसे कोण देणार? मुलं नाहीत, देऊच नयेत. शिक्षक स्वतःच्या खिशातून का देतील? मग क्लासवाले. नाशकात, सिन्नरला, संगमनेरला आम्ही कोचिंग क्लासच्या सरांना भेटायला लागलो, ताईच्या ओळखीने. आणि तिथे पुन्हा तीच गोष्ट समोर आली, यावेळी चांगल्या हेतूच्या तोंडून. एक सर सगळा डेमो बघून म्हणाले, "मॅडम, उत्तम आहे, तिन्ही ब्रँचला घेतो, फक्त मला एकट्याला नाव दिसू द्या. मुलांना सांगायची काय गरज आहे? मी वापरणार त्यांच्या भल्यासाठीच, कोणाला येत नाही ते कळलं तर त्याच्यावर जास्त मेहनत घेता येईल." त्यांचा हेतू खराच चांगला होता, माझा त्यावर विश्वास आहे. मी म्हटलं, "सर, एकदा तुम्ही एखाद्याला नकळत जरी बोललात ना की तू काल तो प्रश्न विचारलास, तर त्यानंतर पेटीत एकही प्रश्न येणार नाही." त्यांनी घेतलं नाही. त्यांच्या पैशात आमचं वर्ष सहज निघालं असतं.

पण काही जणांनी घेतलं, आणि त्यांनी ज्याचे पैसे दिले ते बघून मला फार बरं वाटलं. एक म्हणजे सारखे प्रश्न एकत्र करणं. वीस जणांनी वीस प्रकारे विचारलेला एकच प्रश्न एका ओळीत येतो आणि समोर आकडा, म्हणजे सरांना दिसतं की घर्षण कोणालाच कळलेलं नाही, पुन्हा घ्यावं लागेल. दुसरं म्हणजे तासाला प्रोजेक्टरवर प्रश्न एकेक करून दाखवायची सोय. तिसरं, महिन्याच्या शेवटी उत्तर न दिलेल्या प्रश्नांची पीडीएफ. यातल्या एकाही गोष्टीला कोणी विचारलं हे माहीत असायची गरज नाही. वर्षाची एकरकमी फी, जूनमध्ये, आपोआप काही कापलं जात नाही, पुढच्या जूनमध्ये हवं असेल तर स्वतः भरायची. पैसे वेबसाइटवरूनच घेतो त्यामुळे ॲप स्टोअरचं १५ ते ३० टक्के कमिशन जात नाही. पैसे भरणारा शिक्षक मोठा माणूस, त्याचं वय, नाव, बिल सगळं स्वच्छ.

पाठवणाऱ्याच्या पानावरचा मजकूर हा मात्र मला सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग ठरला. आधी तिथे लिहिलं होतं, 'तुम्ही कोण हे कोणालाही कळणार नाही.' हे वाक्य प्रत्येक निनावी ॲपवर असतं आणि ते कुठेच पूर्ण खरं नसतं. सर्व्हरवर नोंदी राहतात, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार त्या १८० दिवस ठेवाव्या लागतात, आणि पोलिसांनी कायदेशीर मागितल्या तर द्याव्या लागतात. म्हणून आता तिथे असं आहे: 'तुमच्या शिक्षकांना तुमचं नाव कधीच दिसत नाही, पैसे देऊनही नाही. तांत्रिक नोंदी आमच्याकडे १८० दिवस राहतात, कायद्याने मागितल्या तर द्याव्या लागतात.' मित्राला वाटलं होतं मुलं घाबरून लिहिणार नाहीत. थोडे दिवस कमी झाले, मग पुन्हा पहिल्यासारखे यायला लागले, फक्त धमक्या आणि चाळे जवळजवळ थांबले.

अजून एक केलं. फिजिक्सच्या पेटीतही कधी कधी असं येतं की मला जगायचंच नाही. शिक्षक ते वाचतो आणि त्याला करता काहीच येत नाही, कोण ते माहीत नाही. मी पहिल्यांदा असा मेसेज बघितला त्या रात्री झोपले नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याच्याच स्क्रीनवर, पाठवायच्या आधी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोठ्या अक्षरात येतो, मराठीत बोलता येतं, फुकट आहे, असं लिहून, आणि खाली, तुम्हाला हवं असेल तर तुमचं नाव शिक्षकांना सांगा, असा पर्याय येतो. नाव सांगायचं की नाही ते लिहिणाऱ्याच्याच हातात. ही सोय कोणत्याही योजनेत, फुकट पेटीतसुद्धा, कायम राहील.

सध्या काम चालू आहे ते उलट प्रश्नावर. शिक्षकाने उत्तर दिलं आणि मुलाला ते कळलं नाही तर त्याला त्याच धाग्यात पुन्हा विचारता यायला हवं, आणि तरी तो कोण ते कळता कामा नये. सोपा उपाय म्हणजे त्याच्या ब्राउझरमध्येच एक खूण ठेवायची, पण आमच्या कितीतरी मुलांकडे स्वतःचा फोन नाही, भावाचा नाहीतर वडिलांचा वापरतात, मग तो धागा भावालाही दिसणार. म्हणून प्रश्न पाठवल्यावर तीन मराठी शब्द द्यायचे, 'चिंच पायरी सोमवार' असे, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे आणि पुन्हा आलं की टाकायचे, असं चाललंय. ताईच्या वर्गात या सत्रात ते वापरून बघणार आहोत, शब्द विसरले तर काय करायचं ते अजून सुटलेलं नाही, कोणी असलं काही केलं असेल तर नक्की सांगा.